ढगांवर होडी: फोटो जोडून कल्पनाचित्र कसं करावं आणि चारचौघांत कसं मांडावं

माझ्या पहिल्या ‘ढगांवरची होडी’ या चित्राखाली पंचवीस-तीस ‘वाह’ आले, दोन-चार ‘अप्रतिम दादा’ आले आणि एकाच काकांचा प्रश्न आला: ‘होडीवरचं नाव उलटं का लिहिलंय?’

चित्र असं होतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, खाली दरीत काठोकाठ भरलेले ढग आणि त्या ढगांच्या समुद्रात हर्णै बंदरातली एक मासेमारी होडी. कड्यावरचा उजेड उजवीकडून येत होता, होडीवरचा डावीकडून. मी होडी आडवी फिरवली आणि प्रश्न सुटला म्हणून झोपायला गेलो. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेलं नाव आरशातल्यासारखं झालं, ते मला तीन दिवसांत एकदाही दिसलं नाही. काकांना तीन सेकंदांत दिसलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो आणि पुढे जे काही लिहिलंय ते त्याच्याच पोटातलं आहे. कल्पनाचित्रात खोटं एकच असावं. होडी ढगावर तरंगते, हे खोटं बघणारा आनंदाने मान्य करतो, त्यासाठीच तर तो आलेला असतो. पण त्या एका खोट्याभोवतीचा उजेड, सावली, वारा आणि अक्षरं खरी असावी लागतात. दुसरं खोटं सापडलं की पहिल्याची मजा गेली.

हा उद्योग संगणकासोबत आला असं समजायचं कारण नाही. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं दृश्य छापलं होतं. आपल्याकडे राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या चित्रांत यात्रेकरूंच्या चेहऱ्याचे फोटो कापून रंगवलेल्या अंगावर चिकटवलेले दिसतात, शेजारी श्रीनाथजी. जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो काढलेली पिढी अजून आपल्या घरात आहे. फोटोशॉप १९९० मध्ये आलं आणि एकावर एक लेअर, म्हणजे चित्राचे सुटे थर, ठेवायची सोय त्यात १९९४ मध्ये आली. आपण करतो ते जुनंच काम आहे, फक्त कात्री बदलली.

आधी कागद, मग माउस

चित्र एका वाक्यात सांगता येतं का बघा. ‘ढगांच्या समुद्रात मासेमारी होडी निघाली आहे’ हे वाक्य झालं. ‘होडी आहे, वर दोन चंद्र आहेत, मागे ड्रॅगन आहे आणि कड्यावर तलवार घेतलेली मुलगी आहे’ ही यादी झाली. सुरुवातीच्या दहा चित्रांत तरी यादीच्या वाटेला जाऊ नका.

मग काडेपेटीएवढे चार-पाच चौकोन कागदावर काढा आणि पेन्सिलीने नुसते गडद-फिके आकार मांडा. होडी मोठी की लहान, क्षितिज वर की खाली, उजेड कुठून, एवढं ठरलं की पुरे. या दहा मिनिटांनी पुढचे चार तास वाचतात. उजेडाचा बाण मी प्रत्येक चौकोनावर काढतोच. पहिल्या वेळी काढला नव्हता.

कच्चा माल

स्वतःचे फोटो सगळ्यात बरे. हक्काचा प्रश्न नाही आणि हवा तसा कोन, हवी ती वेळ मिळते. हिंडताना कामाचा माल टिपायची सवय लावा: ढगांचे तुकडे, गंजलेला पत्रा, वडाच्या पारंब्या, ओली फरशी, उडालेली धूळ. एकटे बघितले तर हे फोटो कंटाळवाणे असतात. सहा महिन्यांनी तेच सोन्यासारखे वाटतात.

यातही ढगाळ दिवसाचे फोटो जपून ठेवा. ढगाळ उजेडात धारदार सावली पडत नाही, त्यामुळे ती वस्तू जवळजवळ कुठल्याही चित्रात रुळते, सावली मागाहून आपल्याला हवी तशी रंगवता येते. होडीवाल्या कल्पना डोक्यात असतील तर पावसाळ्यात किनाऱ्यावर जा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. एरवी पाण्याखाली असणारा होडीचा पूर्ण तळ तेव्हा उघडा दिसतो. हवेत उडणारी होडी करायची असेल तर तो तळ लागतोच. पाण्यातल्या होडीच्या फोटोत तो नसतो आणि अंदाजाने रंगवला तर कोळीवाड्यातलं पोरही हसेल.

दुसऱ्यांचे फोटो घेणार असाल तर परवाना वाचा. ‘गुगलवर सापडला’ हा परवाना नव्हे. भारतीय कायद्याप्रमाणे फोटोवरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे ट्रेकच्या ग्रुपवर आलेला मित्राचा फोटोसुद्धा विचारल्याशिवाय कापायचा नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हक्कदाराने आधीच देऊन ठेवलेली वापराची परवानगी. सीसी झिरो म्हणजे मोकळं रान. सीसी बीवाय म्हणजे नाव द्या. सोबत एसए असेल तर तुमचं चित्रही त्याच परवान्याखाली सोडावं लागतं. इतर संकेतस्थळांवर एनसी दिसलं तर त्यावर धंदा नाही. आणि एनडी दिसलं की तो फोटो बाजूला ठेवा, त्यात बदल करून वाटायची परवानगीच नसते. ही दोन अक्षरं न बघता आठवडाभर राबणारे लोक मी पाहिलेत. तारे, तेजोमेघ, ग्रह हवे असतील तर नासाचे फोटो बहुतेक वेळा मोकळे असतात, मात्र त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही.

फोटो उतरवला त्याच क्षणी फोल्डरमध्ये एका साध्या फाइलीत लिहून ठेवा: कुणाचा, कुठून, कुठला परवाना. चित्र टाकायच्या रात्री हे शोधायला बसलात तर सापडत नाही.

उजेड वाचायला शिका

सगळा लेख गाळून एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

प्रत्येक फोटोत तीन गोष्टी बघायच्या. सूर्य कुठे आहे, किती वर आहे आणि सावल्यांचा रंग काय आहे. नाक, दगडाची कपार, दोरीची सावली, काहीही धरून उलटं मागे जा, सूर्य सापडतो. सावलीची कडा तीक्ष्ण असेल तर ऊन थेट आहे, विरघळलेली असेल तर मध्ये ढग किंवा धुकं आहे.

आता माझ्या होडीचं काय चुकलं ते बघा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि समोरच्या ढगांवर थेट ऊन पडतं. याच मांडणीमुळे तिथे कधीकधी इंद्रवज्र दिसतं, म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती उमटलेलं गोल इंद्रधनुष्य. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३५ च्या आपल्या लेखनात याच गडावरच्या त्या वर्तुळांचं वर्णन करून ठेवलंय. होडीचा फोटो मात्र मी हर्णैला दुपारी चारनंतर काढला होता. समुद्र पश्चिमेला, सूर्यही पश्चिमेला, म्हणजे ऊन होडीच्या पलीकडून येत होतं. आपल्याकडची बाजू अंधारात आणि काठांना सोनेरी रेघ.

आडवं फिरवल्याने डावं-उजवं बदलतं, पुढचं-मागचं बदलत नाही. हे वाक्य लिहून संगणकावर चिकटवायच्या लायकीचं आहे. नाव उलटं झालं ते वेगळंच, पण नाव सुलटं असतं तरी ते चित्र बसलं नसतं, कारण ढगांवर पाठीमागचं ऊन होतं आणि होडीवर समोरचं.

उपाय चित्रात नव्हता, घड्याळात होता. कोकणचा किनाराही पश्चिमेकडेच बघतो. तिथेही सकाळी सूर्य पाठीमागेच असतो. सकाळी साडेआठला जाऊन त्याच जातकुळीची दुसरी होडी टिपली आणि उजेडाचं निम्मं काम न करताच झालं. कॅमेरा हातात असतानाच जुळवलेला उजेड हा हजार स्लायडरना भारी पडतो.

चंद्राबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण दर दुसऱ्या कल्पनाचित्रात चंद्र असतो. खरा चंद्र आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. फोनच्या नेहमीच्या लेन्सने काढलेल्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत तो फार तर तीसेक पिक्सेल भरतो. तुम्ही परातीएवढा करा, तेच तुमचं एक खोटं असेल तर जरूर करा. पण पूर्ण चंद्र मावळत्या सूर्याच्या शेजारी ठेवू नका, पौर्णिमेचा चंद्र सूर्यासमोरच्या दिशेला उगवतो. चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात तारे टाकू नका, तिथे चंद्रच आहे. आणि परदेशी फोटोतली उभी कोर आपल्या डोंगरावर आणलीत तर कुठेतरी खटकतं. आपल्या अक्षांशावर, विशेषतः फाल्गुनाच्या आसपास, संध्याकाळची कोर पसरट वाटीसारखी आडवी दिसते.

क्षितिज आणि उंची

सपाट पृष्ठभागावर उभ्या असलेल्या सगळ्या वस्तूंना क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. वाळूत उभं राहून छातीच्या उंचीवरून होडी टिपली तर क्षितिज होडीच्या अंगावरून जातं. कड्यावरून ढग टिपले तर आपण त्यांच्याकडे वरून बघत असतो. ही दोन्ही एकत्र आणली की होडी पुढे कलंडल्यासारखी दिसते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी विचित्र आहे’ एवढं कळतं.

म्हणून होडी धक्क्यावरून टिपली, पाण्यापासून तीन-चार मीटर उंचावरून. आणि ढगांचा फोटो असा निवडला की ढग कड्याच्या अगदी काठाशी आलेत आणि कॅमेरा त्यांच्या पृष्ठभागापासून फार वर नाही. (तो फोटो मिळवण्यासाठी कड्यावर पोटावर झोपूनच पुढे सरका. कडा आत वळलेला आहे, खाली आधार नाही.) दोन्ही फोटोंत क्षितिजाच्या जागी एक-एक रेघ मारा आणि होडी हलवताना त्या दोन रेघा एकमेकींवर ठेवा. मग होडी लहान-मोठी करा. क्रम हाच.

कापणं नव्हे, झाकणं

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. मी गिंप वापरतो, फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. काही उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी आहे. हातात स्टायलस असेल आणि रंगवण्याचा भाग जास्त असेल तर क्रिता. सॉफ्टवेअरवरून भांडणारी मंडळी चित्रं कमी करतात, असा माझा अनुभव आहे.

खोडरबराला हात लावू नका. लेअरवर उजवी टिचकी मारून मास्क जोडा. मास्कवर काळा रंग झाकतो, पांढरा दाखवतो, राखाडी अर्धवट दाखवतो. एक्स दाबलं की काळं-पांढरं अदलाबदल होतं. चुकलं तर पांढऱ्याने परत आणता येतं, खोडलेलं परत येत नाही.

होडीचं लाकूड पेन टूलने, म्हणजे पाथने, कापा. सरळ, सलग कडा त्यानेच नीट येतात. पाथ वस्तूच्या कडेवरून नव्हे तर एक-दोन पिक्सेल आतून घ्या, नाहीतर जुन्या पार्श्वभूमीची निळी किंवा पांढरी किनार सोबत येते. ही किनार म्हणजे नवशिक्याचं ओळखपत्र. मग मास्कला अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड तेवढी मऊ करा. सगळीकडे सारखा नको. फोटोत जिथे कडा मुळातच धूसर आहे तिथे मास्कही धूसर हवा, जिथे कडा धारदार आहे तिथे धारदार.

केस, झाडाची पानं, मासळीची जाळी यांच्यासाठी पाथ घेऊन बसलात तर आठवडा जाईल. चॅनेल्स, म्हणजे फोटोचे रंगवार सुटे भाग, उघडा. लाल, हिरवा आणि निळा यांपैकी ज्यात वस्तू आणि आकाश यांच्यात जास्तीत जास्त फरक दिसतो त्याची प्रत करा. निळ्या आकाशासमोरची गडद वस्तू असेल तर बहुधा निळं चॅनेल जिंकतं. त्या प्रतीवर लेव्हल्स या साधनाने काळं अजून काळं आणि पांढरं अजून पांढरं करा, लागलं तर उलटं करा आणि तोच मास्क म्हणून लावा. जाळीचा एकेक धागा सुटा निघतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शेजारच्या खोलीतून बायकोला बोलावून आणलं होतं. तिने ‘छान’ म्हटलं, जाळी तिला दिसलीच नाही.

होडीचे दोर मात्र कापूच नका. चार पिक्सेल जाडीचा दोर कापून तो खरा दिसत नाही. सरळ झाकून टाका आणि नव्या लेअरवर पाथ काढून त्यावर रेघ उमटवा, मूळ दोराचाच रंग उचलून. दोर किंचित झोळ खाल्लेला हवा. ताणलेली पट्टीसारखी रेघ दोर वाटत नाही.

प्रत्येक लेअरला नाव द्या. ‘लेअर ४७ कॉपी २’ या नावामागे काय दडलंय ते तुम्हालाही कळत नाही. आणि फाइल गिंपच्या एक्ससीएफ प्रकारात साठवत जा, त्यात लेअर सुटे राहतात. जेपेग फक्त शेवटी.

हवा मध्ये आणा

होडी कापली, बसवली, उजेड जुळला, तरी ती चिकटवल्यासारखी का दिसते? बहुतेक वेळा काळ्या रंगामुळे. आपल्या आणि दूरच्या वस्तूच्या मध्ये हवा असते आणि धुक्याच्या दिवशी ती फारच असते. दूरचं काळं काळं राहत नाही, फिकट निळसर राखाडी होतं.

आकडे बघा. माझ्या कड्याच्या फोटोत होडी ठेवायची होती त्या अंतरावरच्या सुळक्याचा सगळ्यात गडद भाग रंग-पिपेटने, म्हणजे रंग उचलायच्या साधनाने, मोजला तर ९५ च्या आसपास आला (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं). होडीच्या पोटातली सावली १२ होती. ९५ च्या धुक्यात १२ चं काळं म्हणजे भिंतीवर डांबर. कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-अंधार वक्ररेषेने बदलायचं साधन, उघडून डावीकडचं खालचं टोक वर उचललं, १२ चं ९० च्या वर गेलं आणि होडी एकदम मागे सरकली. मग कर्व्ह्जमध्ये फक्त निळं चॅनेल धरून सावल्यांत किंचित निळं वाढवलं. तेवढंच. रंगाचे बाकी शंभर उपाय आहेत, पण आधी काळं जुळवा, निम्मे लागणारच नाहीत.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तपासणीचा लेअर ठेवा. सगळ्यात वर एक लेअर पूर्ण काळा भरा आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या लेअरमध्ये मिसळायची पद्धत, ‘कलर’ करा (गिंपमध्ये ‘एचएसएल कलर’). चित्र कृष्णधवल दिसतं. रंगाने झाकलेली उजेडाची चूक इथे उघडी पडते. काम झालं की लेअरचा डोळा बंद.

टेकवणं

होडी ढगाला कुठे स्पर्श करते, याच जागी चित्र जिंकतं किंवा हरतं. मोठं करून दाखवतो.

होडीचा तळ ढगाच्या वर ठेवू नका, ढगात बुडवा. होडीच्या मास्कवर मऊ ब्रश घ्या, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) १५ ते २० टक्के, आणि खालची कड एकाच सरळ रेघेत न झाकता तुकड्यातुकड्याने झाका. कुठे लाकूड ढगात गडप, कुठे हातभर वर. मग त्याच ढगांच्या फोटोतून दोन-तीन पुंजके उचला, होडीच्या पुढे नव्या लेअरवर ठेवा आणि मोड ‘स्क्रीन’ करा. पुंजक्याचा गडद भाग आपोआप विरून जातो, पांढरं तेवढं उरतं. उतरवलेले तयार धूर-ब्रश वापरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण पोत त्याच फोटोचा असतो.

आता सावली. होडीच्या खाली दोन सावल्या लागतात. एक अगदी सांध्याशी, अरुंद आणि गडद. दुसरी पसरट आणि फिकी, सूर्याच्या विरुद्ध दिशेला. दोन्ही ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये, पण काळ्या रंगाने नव्हे, ढगाच्याच सावलीतून उचललेल्या निळसर करड्या रंगाने. शिवाय होडीच्या पोटावर खालून ढगांचा पांढरा उजेड उसळतो. पांढऱ्या भिंतीशेजारी उभ्या माणसाची हनुवटी उजळते ना, तसा. तळाजवळ फिकट पांढरट ब्रशचा एक हात, ‘सॉफ्ट लाइट’मध्ये. एवढ्याने होडी त्या हवेत श्वास घ्यायला लागते.

शेवटी एकजीव करायला सगळ्यावर एकच दाणा पसरा. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो, एक स्वच्छ आणि एक दाणेदार, डोळ्याला वेगळे जाणवतात. पन्नास टक्के राखाडी लेअर, त्यावर थोडा नॉइज (म्हणजे हा दाणा), मोड ‘ओव्हरले’, ओपॅसिटी हलकी. मग चित्र आडवं फिरवून बघा, अंगठ्याएवढं करून बघा आणि संगणक बंद करा. सकाळी चहा घेताना पहिल्या नजरेत जे खटकेल ते दुरुस्त करा. रात्री अकरानंतर प्रत्येक चित्र उत्कृष्ट वाटतं.

चारचौघांत मांडताना

टाकण्यासाठी वेगळी प्रत काढा: लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंग एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), जेपेगची गुणवत्ता ८५ ते ९०. लहान केल्यावर हलकं शार्पन. झालं.

त्याहून महत्त्वाचं चित्राखाली काय लिहिता ते. माझा नमुना असा:

‘ढगांवर होडी. कल्पनाचित्र, तीन फोटो जोडून. कडा आणि होडीचे फोटो माझे, पक्षी विकिमीडिया कॉमन्सवरून, सीसी झिरो. साधन गिंप. एआय वापरलेला नाही. एक विचारायचं आहे: होडीचा तळ ढगात बुडल्यासारखा वाटतो की ढगावर ठेवल्यासारखा?’

‘कल्पनाचित्र’ हा शब्द पहिल्या ओळीत आणि शिवाय चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांतही. नुसतं खाली लिहून भागत नाही. माझं एक धबधब्याचं चित्र, पाणी खालून वर जाणारं, कुणीतरी ओळी कापून व्हॉट्सॲपवर सोडलं आणि आठवड्याने आमच्याच घरच्या ग्रुपवर मामांनी मला पाठवलं, ‘निसर्गाचा चमत्कार, एकदा तरी जाऊन बघा’ असं लिहून. फाइलच्या आत साठवलेली माहिती अशा प्रवासात गळून पडते, कोपऱ्यातली अक्षरं निदान कापावी तरी लागतात.

इंग्लंडमध्ये कॉटिंग्लेच्या दोन मावसबहिणींनी १९१७ मध्ये कागदी पऱ्या कापून, टाचण्यांनी उभ्या करून फोटो काढले. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइलसारखा माणूस फसला आणि खरं काय ते त्यांनी १९८३ मध्ये सांगितलं. गंमत म्हणून केलेलं गमतीत राहिलं नाही, कारण पहिल्या दिवशी कुणी ‘गंमत’ असं लिहिलं नाही. उलटही होतं. इंद्रवज्राचा अस्सल, न हात लावलेला फोटो मी टाकला तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, ‘कुठलं ॲप?’

एआय वापरला असेल तर कुठे वापरला ते सांगा, नुसतं आकाश वाढवलं असलं तरी. लपवलं आणि सापडलं तर तुमची हाताने केलेली जुनी कामंही लोक संशयाने बघतात. ओळखीच्या माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय नको. देव, संत, महाराज आणि गडकोट यांच्याशी खेळताना आपल्या गावातल्या चौकात हे फ्लेक्सवर लागलं तर चालेल का, असं स्वतःला विचारतो. उत्तर डळमळीत असेल तर चित्र घरच्या फोल्डरमध्ये राहतं.

प्रतिक्रिया: देणं आणि घेणं

‘वाह’ ने मूठभर मांस चढतं, चित्र सुधारत नाही. म्हणून शेवटी नेमका प्रश्न विचारायचा. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर असतं. ‘तळ बुडलाय की ठेवलाय?’ विचारलं की लोक तळाकडे बघतात.

दुसऱ्याच्या चित्रावर लिहिताना मी तीन गोष्टी सांगतो: कुठे बघतोय, काय दिसतंय, काय करून बघता येईल. ‘एडिट वाटतंय’ ही प्रतिक्रिया निरुपयोगी आहे, एडिटच आहे ते. त्याऐवजी असं: ‘ताई, डाव्या पंखाच्या कडेला हिरवट किनार राहिली आहे. मूळ फोटोत मागे झाडी होती का? मास्क दोन पिक्सेल आत घेऊन बघा.’ जागा कळली, कारण कळलं, उपाय मिळाला. आणि जे उत्तम जमलंय तेही इतकंच नेमकं सांगावं, गोड बोलायचं म्हणून नव्हे, तर पुढच्या वेळी दुरुस्तीच्या नादात तिने तेच बिघडवू नये म्हणून.

कल्पनेवर वाद घालू नका. होडी ढगावर कशी, असं विचारणारा चुकीच्या दारात आलाय. होडी ढगावर आहे तर मागे फेसाची रेघ का नाही, हा मात्र योग्य प्रश्न.

घेणाऱ्याची बाजू अवघड असते. पहिल्या तासात उत्तर देऊ नका, तेव्हा आपण वकील असतो. तीन जणांनी एकाच जागेबद्दल सांगितलं तर ती जागा चुकली आहे, मग त्यांनी सांगितलेली कारणं वेगवेगळी का असेनात. लोकांना दुखणं बरोबर कळतं, औषध बहुतेक चुकीचं सांगतात. एकानेच सांगितलं तर फाइल उघडून खरं काय ते बघावं. नाव उलटं असल्याचं एकट्या काकांनीच सांगितलं होतं.

दुरुस्त चित्र टाकताना जुनं काढून टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवा आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहा. नवीन शिकणाऱ्याला त्या जोडीतून जेवढं कळतं तेवढं तयार चित्रातून कळत नाही.

मीही तसंच केलं. सकाळची होडी, जुळलेलं काळं, बुडालेला तळ, सुलटं नाव. काकांना मुद्दाम कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: ‘आता छान. पण होडीवरचा झेंडा डावीकडे फडफडतोय आणि ढग उजवीकडे वाहतायत.’

फाइल पुन्हा उघडली आहे. झेंडा फिरवता येईल, त्यावर अक्षरं नाहीत ते आधी बघितलं.